मिलिशियातला पूर्वज शोधताना

नातू पाचवीत असताना शाळेतून घराण्याच्या इतिहासाचा प्रकल्प आला. माझ्या बाजूचं काम अर्ध्या तासात झालं. आमचा कुळवृत्तांत छापलेला आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातची ओळ आहे. सूनबाईची बाजू मात्र पेन्सिल्व्हेनियातली: लेबनन काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) जर्मन वळणाचं शेतकरी घराणं. विहीणबाईंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. त्यात बायबलची दोन सुटी पानं, पिवळं पडलेलं मृत्युवार्तेचं कात्रण आणि मागे काहीच न लिहिलेले तीन फोटो. "आमच्यातला एक जण वॉशिंग्टनच्या हाताखाली लढला होता," त्या म्हणाल्या. म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या बाजूने.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. तोंडी सांगितलेलं आमच्या खात्यात ऐकून घ्यायचं असतं, पण उताऱ्यावर चढवायचं नसतं. म्हणून 'लढला' हा शब्द मी वहीत लिहिला, पण पेन्सिलीने. पुढच्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे मांडतो. अमेरिकेत सोयरीक झालेली मराठी घरं आता बरीच आहेत. त्यात २०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे असा डबा आणखी कुणाच्या टेबलावर येईलच.

मिलिशिया म्हणजे सैन्य नव्हे

पहिला घोळ इथेच होतो. काँटिनेंटल आर्मी म्हणजे वॉशिंग्टनची पगारी फौज. तिच्यात माणूस काही महिने किंवा वर्षांच्या बोलीवर भरती व्हायचा. मिलिशिया म्हणजे गावचे शेतकरी, लोहार, विणकर. गरज पडली की बोलावायचे आणि मुदत संपली की घरी.

प्रत्येक वसाहतीचा मिलिशियाचा कायदा वेगळा होता, म्हणून पूर्वज कुठला ते ठरल्याशिवाय पुढे सरकू नका. आमच्या कामाचा कायदा पेन्सिल्व्हेनियाचा, मार्च १७७७ चा. १८ ते ५३ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषांची यादी कॉन्स्टेबलने करायची. त्यांच्या कंपन्या करायच्या. प्रत्येक कंपनीचे चिठ्ठ्या टाकून आठ वर्ग पाडायचे. बोलावणं येई ते वर्गाला, साधारण दोन महिन्यांसाठी. पहिला वर्ग परतायच्या सुमारास दुसरा निघायचा, म्हणजे सगळं गाव एकदम रिकामं होत नसे आणि पेरणी-कापणी अडत नसे. ज्याला जायचं नसेल त्याने दंड भरावा किंवा बदली माणूस द्यावा.

यातून नवख्याच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. १७७७ च्या यादीत ज्याचं नाव आहे तो १७२४ ते १७५९ च्या दरम्यान जन्मलेला असणार. म्हणजे जन्मतारीख मिळाली नाही तरी कुंपण मिळालं. दुसरी गोष्ट महत्त्वाची: यादीत नाव असणं म्हणजे लढणं नव्हे. लँकेस्टर भागात मेनोनाइट पंथाची पुष्कळ घरं होती. शस्त्राला हात न लावणं हा त्यांचा धर्म, तरी कॉन्स्टेबलच्या यादीत त्यांचीही नावं आहेत, कारण यादी सरसकट होती. अशा एखाद्याचे वंशज आज अंगणात 'क्रांतियोद्ध्याचे वारस' अशी पाटी लावून बसले असतील तर मला नवल वाटणार नाही.

सुरुवात नातवापासून

शोध पूर्वजापासून सुरू करायचा मोह सगळ्यांना होतो. प्रसिद्ध यादीत आडनाव सापडतं आणि मग तिथून खाली घरापर्यंत जिना बांधायचा उद्योग सुरू होतो. असा जिना हटकून शेजारच्याच घरात उतरतो. आठ पिढ्या मागे गेलं तर एका माणसाचे त्या पिढीतले २५६ पूर्वज होतात. त्यातला नेमका कोणता आपण धरलाय, हे खालून वर गेल्याशिवाय कळत नाही.

नातू, त्याची आई, तिची आई, तिचे वडील असं एकेक पायरी वर चढा आणि प्रत्येक पायरीला कागद लावा. आपल्याकडे फेरफाराचा नंबर लावतात तसंच. फेरफार नसेल तर सातबाऱ्यावर नाव आलं कसं, हा प्रश्न प्रत्येक पिढीला विचारायचा.

पेन्सिल्व्हेनियात जन्म-मृत्यूची राज्यपातळीवरची नोंद १९०६ पासून आहे. मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव आणि माहिती देणाऱ्याचं नाव असतं. माहिती देणारा कोण ते जरूर पाहा. मुलाने सांगितलेलं आजीचं नाव आणि जावयाने सांगितलेलं, यात फरक असतो. लग्नाचे परवाने १८८५ पासून मिळतात. त्याआधी दर दहा वर्षांची जनगणना धरून चालायचं. १८८० च्या खानेसुमारीत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव येतं. १८९० ची जवळजवळ सगळी जळाली, त्यामुळे तिथे वीस वर्षांची उडी मारावीच लागते. आणि १८५० च्या मागे गेलात की फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे रकान्यातले आकडे. १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष, सोळाखालचे, गोऱ्या स्त्रिया, इतर मुक्त माणसं आणि गुलाम असे पाच रकाने आहेत. पाचव्या रकान्यात आकडा असेल तर तोही वहीत उतरवा. विहीणबाईंना तो आवडो न आवडो.

या साऱ्या खानेसुमाऱ्या फॅमिलीसर्चवर फुकट पाहता येतात, खातं उघडलं की झालं. अँसेस्ट्री आणि फोल्डथ्री पैसे घेतात, पण पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत ती तिथल्या संगणकावर मोफत असतात. याच साइट्सवर लोकांनी चढवलेल्या तयार वंशावळी दिसतील. वाचा जरूर, पण उतरवून घेऊ नका. चाळीस जणांनी एकच चूक एकमेकांची पाहून लिहिली की ती चाळीस वेळा बरोबर होत नाही.

माणूस हलला नाही, काउंटी हलली

मी पहिले दोन महिने लेबनन काउंटीच्या नावाने १७७७ चे कागद शोधत होतो. सापडणार कसे? लेबनन काउंटी झाली १८१३ साली, डॉफिन आणि लँकेस्टरमधून. डॉफिन झाली १७८५ साली, लँकेस्टरमधून. म्हणजे तेच शेत आणि तेच घर. पण मिलिशियाची यादी लँकेस्टरमध्ये, १७९० ची खानेसुमारी डॉफिनमध्ये आणि नातवंडांची खरेदीखतं लेबननमध्ये. सिंधुदुर्गातल्या माणसाने आजोबांचा कागद रत्नागिरीत शोधावा तसं. हे मलाच सुचू नये याची लाज वाटली. पूर्वजाच्या गावाचं नाव लिहिलंत की त्याखाली कोणत्या साली तो भाग कोणत्या काउंटीत होता हे आधी मांडा, मगच दफ्तर उघडा.

याद्या कुठे आहेत

पेन्सिल्व्हेनियाच्या मिलिशियाचे कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांवरून केलेली कार्डं डिजिटल रूपात पाहायला मिळतात. पुष्कळ याद्या 'पेन्सिल्व्हेनिया अर्काइव्ह्ज' या ग्रंथमालेत छापल्या आहेत; लँकेस्टरसाठी पाचव्या मालिकेचा सातवा खंड पाहा. मॅसॅच्युसेट्सचा पूर्वज असेल तर काम सोपं. तिथल्या सैनिकांची अकारविल्हे सूची सतरा खंडांत छापलेली आहे. न्यू जर्सीची अधिकृत नोंदवही १८७२ सालची आहे. वॉशिंग्टन शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारातही सेवानोंदी आहेत. पण नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि जुने कागद गेले. आज तिथे आहे ते नंतर इकडून तिकडून गोळा केलेलं. म्हणून 'केंद्राकडे नाव नाही' याचा अर्थ 'माणूस नव्हता' असा काढू नका.

कार्ड हातात आलं की त्यावरचा प्रत्येक शब्द वाचा. आमच्या कार्डावर नाव, काउंटी, टाउनशिप (काउंटीतला छोटा विभाग), कॅप्टनचं नाव, वर्ग आणि साल एवढंच होतं. ही घरच्या कंपनीची यादी. आपल्या कचेरीतलं मस्टर जसं, माणूस जागेवर असो नसो, नाव असतंच. खरी मोहिमेवरची कंपनी वेगळी जमायची: वेगवेगळ्या कंपन्यांतले एकाच वर्गाचे लोक एकत्र करून, कित्येकदा वेगळ्याच कॅप्टनच्या हाताखाली. त्यामुळे दोन यादींत दोन कॅप्टन दिसले तर माणसं दोन असं लगेच ठरवू नका. तुम्हाला हवी ती दुसरी यादी, मोहिमेची. तिच्यात कुठून कुठवर हजर होता त्या तारखा असतील तर दिवाळीच.

आमच्याला ती मिळाली. त्याच्या वर्गाचं दोन महिन्यांचं काम होतं कैद्यांवर पहारा. ट्रेंटनला २६ डिसेंबर १७७६ रोजी पकडलेल्या हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेल्या जर्मन, सैनिकांपैकी बरेच लँकेस्टरच्या भागात आणून ठेवले होते आणि पहाऱ्याला स्थानिक मिलिशिया असायचा. पहारा देणारे जर्मन बोलणारे, कैदीही जर्मन बोलणारे. रात्री काय गप्पा झाल्या असतील कोण जाणे. मी वहीतलं 'लढला' खोडलं आणि शाईने 'पहारा दिला' लिहिलं. विहीणबाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं, कुणाला मारलं तरी नाही."

पेन्शनची फाइल असेल तर

पूर्वज १८३२ पर्यंत जगला असेल तर आधी पेन्शनची फाइल शोधा. १८१८ चा कायदा काँटिनेंटल फौजेतल्या गरजूंसाठी होता. मिलिशियावाल्यांना खरा लाभ झाला तो ७ जून १८३२ च्या कायद्याने. किमान सहा महिने सेवा, गरिबीची अट नाही. मिलिशियावाल्यांकडे कागद क्वचितच असत, म्हणून म्हाताऱ्याने कोर्टात उभं राहून शपथेवर आपली हकीकत सांगायची. त्याला ठरावीक सात प्रश्न विचारले जात. जन्म कुठे, कोणत्या साली? वयाचा पुरावा आहे का, कुठे आहे? बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होतास, नंतर कुठे, आता कुठे? स्वतःहून गेलास, नंबर लागला म्हणून, की कुणाच्या बदली? वरचे अधिकारी कोण? सुटकेचा कागद मिळाला का? शेजारपाजारचे कोण तुला ओळखतात?

वंशावळ लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच माणसाचं सगळं स्थलांतर येतं. व्हर्जिनियात जन्मलेला, केंटकीत गेलेला, इंडियानात म्हातारा झालेला माणूस एका परिच्छेदात उभा राहतो. भाषा कारकुनाची असते, पण मधूनच एखादं वाक्य त्याचं स्वतःचं निसटतं. पंच्याहत्तरीतला माणूस पंचावन्न वर्षांपूर्वीचं सांगतोय हे लक्षात ठेवा. साल चुकेल, लढायांचा क्रम चुकेल. कॅप्टनचं नाव मात्र सहसा चुकत नाही.

फाइलीच्या नंबराआधीचं अक्षर काही सांगतं. 'एस' म्हणजे स्वतः सैनिक, 'डब्ल्यू' म्हणजे विधवा, 'आर' म्हणजे अर्ज फेटाळला. 'आर' पाहून मागे फिरू नका. फेटाळलेल्या अर्जांत पुष्कळदा जास्त माहिती असते, कारण पुरावा पुरेना म्हणून लोक पुन्हापुन्हा कागद जोडत राहिले. विधवेच्या फाइलीत लग्नाचा पुरावा लागायचा. १८३६ च्या कायद्यात नवऱ्याची सेवा संपण्याआधी लग्न झालेलं असणं ही अट होती, पुढच्या कायद्यांनी ती सैल होत गेली. मग बायकांनी काय केलं? घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलं. ती पानं आजही फाइलीत आहेत. जर्मन घरांतली रंगीत वेलबुट्टीची बाप्तिस्म्याची प्रमाणपत्रंसुद्धा तशीच गेली. डब्यातल्या बायबलच्या पानांची कड फाटलेली असेल आणि मधलं पान नसेल, तर ते कुठे असू शकेल याचा आता अंदाज येईल.

या फाइली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत फुकट वाचता येतात.

आमच्या पूर्वजाची फाइल नाही. दोन महिन्यांच्या एका फेरीने सहा महिने भरत नाहीत, आणि १८३२ पर्यंत तो उरलाही नव्हता. जे १८४० पर्यंत उरले त्या पेन्शनरांची नावं आणि वयं त्या सालच्या खानेसुमारीत वेगळी नोंदलेली आहेत. तिथेही डोकावून या.

तोच का?

आता सगळ्यात अवघड जागा. माझा बराच वेळ इथेच गेला आणि तुमचाही जाईल. एकाच टाउनशिपमध्ये, एकाच वेळी, एकाच नावाचे दोन पुरुष होते. मी त्यातला दीडशे एकरवाला, दोन घोडे नि तीन गायीवाला धरला. का, तर आपला पूर्वज खातेदारच असणार असं मनात येतं, तुमच्याही येईल. तीन महिने त्याची मुलं जुळवत बसलो. मग त्याचं मृत्युपत्र मिळालं. सहा मुलं नावानिशी, आणि आमचा त्यात नाही.

दुसरा माणूस कराच्या यादीत 'इनमेट' या मथळ्याखाली होता. या शब्दाने दचकू नका, तो तुरुंगात नव्हता. पेन्सिल्व्हेनियाच्या करयादीत इनमेट म्हणजे स्वतःची जमीन नसलेला, दुसऱ्याच्या जागेत राहणारा, बहुधा लग्न झालेला माणूस. बिनलग्नाचा प्रौढ असेल तर 'फ्रीमन'. म्हणजे एखादा एका यादीत फ्रीमन आणि पुढच्या यादीत इनमेट दिसला, की मधे लग्न झालं असं धरून चालता येतं. चर्चची वही हरवली असेल तरी.

या भूमिहीनाने पुढे थोडी जमीन घेतली, आणि तिथे माझं जुनं खातं कामी आलं. १८१६ च्या एका खरेदीखतात सगळे वारस एकत्र येऊन ती जमीन विकतात: मुलगे, त्यांच्या बायका, मुली, त्यांचे नवरे, सगळे नावानिशी. शिवाय ही जमीन बापाकडे कशी आली त्याची मागची साखळीही खतातच लिहिलेली. आपल्या फेरफारासारखीच. त्या यादीतला चौथा मुलगा म्हणजे विहीणबाईंच्या घराण्याचा मूळ पुरुष. म्हणून सांगतो, मृत्युपत्र नसेल तर हताश होऊ नका, वारसांची खरेदीखतं बघा. ऑर्फन्स कोर्टाचे कागदही बघा. नाव अनाथांचं असलं तरी बाप गेला आणि आई जिवंत असली तरी वाटणीचे वाद तिथेच चालत.

मग मिलिशियाच्या यादीतला कोणता? यादीतली शेजारची नावं घ्या आणि करयादीतल्या शेजाऱ्यांशी ताडून पाहा. कंपनी म्हणजे शेवटी शिवाराचा एक तुकडाच. पहारा देणाऱ्यांच्या यादीत आमच्या माणसाच्या आसपास तीच पाच-सहा नावं होती, जी करयादीत त्याच्या आजूबाजूला आहेत. आणि यादीत 'सीनियर', 'ज्युनियर' दिसलं तर लगेच बाप-लेक समजू नका. त्या काळी गावात एका नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. नातं असेल किंवा नसेल. आपल्याकडे नाही का, मोठा आबा आणि बारका आबा.

नावाच्या स्पेलिंगवर तर अडून बसूच नका. श्नायडरचा स्नायडर, म्यूलरचा मिलर, क्वचित त्सिमरमानचं सरळ भाषांतर होऊन कार्पेंटर. कारकुनाने कानाला ऐकू आलं ते लिहिलं. जर्मन घरांत सगळ्या भावांचं पहिलं नाव योहान असू शकतं. हाक मारायचं ते दुसरं.

संस्थेत नाव लावायचं असेल

सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन (१८८९) आणि डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन (१८९०) या वारसांच्या संस्था आहेत. डॉटर्सची पूर्वजसूची ऑनलाइन कुणालाही पाहता येते. तुमच्या माणसावर आधी कुणी अर्ज केलाय का ते तिथे कळेल. पण फार जुन्या अर्जांत पुरावा तुटपुंजा असतो. काही नावांपुढे सेवा नव्याने सिद्ध करा अशी टीपही असते. त्यांना १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळातली सेवा लागते. बंदूकच हवी असं नाही. राज्याशी निष्ठेची शपथ किंवा लढाईच्या खर्चासाठीचा कर हेही चालतं. वारसा रक्ताचा हवा, पण तो आईकडून आला तरी चालतो. आडनाव मराठी असलं म्हणून बिघडत नाही. (या तारखांच्या मधे, जानेवारी १७७९ मध्ये, आपल्याकडे वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते, आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे शस्त्रं ठेवणारा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. प्रकल्पात नातवाने हे दोन्ही लिहिलं. बाईंनी तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.)

बाईचं माहेर

एक रकाना आमच्याकडे अजून रिकामा आहे: त्या पहारेकऱ्याच्या बायकोचं माहेर. खरेदीखतात ती फक्त 'कॅथरीन, त्याची विधवा'. चर्चच्या वह्या जर्मनमध्ये, कुरेंट लिपीत आहेत. कुरेंट म्हणजे जर्मनांची मोडीच म्हणा: एकात एक गुंतलेली अक्षरं, आणि आज तिथल्या बहुतेक नातवंडांना न वाचता येणारी. मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून रोज अर्धा तास बसलं तर महिन्याभरात नावं तरी वाचता येतात. मोडी येत असेल तर डोळा लवकर बसतो.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा आईचं नुसतं पहिलं नाव असतं. पण साक्षीला उभ्या राहिलेल्या जोडप्याचं नाव पूर्ण असतं, आणि ही माणसं बहुतेक वेळा जवळची: मामा, मावशी, आत्या. सगळ्या मुलांच्या नोंदींतले साक्षीदार एका कागदावर मांडा. बापाच्या आडनावाचे बाजूला काढा. उरलेल्यांत एखादं आडनाव दोनदा-तीनदा आलं तर तिथे माहेर शोधा. आमच्या कागदावर असं एक आडनाव तीनदा आलंय. त्याच आडनावाच्या एका म्हाताऱ्याचं १७८० च्या दशकातलं मृत्युपत्र लँकेस्टरच्या दफ्तरात असल्याचं सूचीत दिसतं. नक्कल मागवली आहे. विहीणबाई रोज टपालपेटी उघडून बघतात.